सायकल चालवताना पायात गोळा येतो? नाशिकच्या नव्या सायकलस्वारांसाठी

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी मागे पडलेली, पेगलवाडी अजून यायची, आणि रविवारी सकाळी साडेसातला एक माणूस सायकल गवतात आडवी टाकून पोटरी धरून बसलाय. चेहरा विंचू चावल्यासारखा. सहा वर्षांपूर्वी तो माणूस मी होतो. दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल थांबली. वरच्या दादांनी विचारलं, ‘‘काय झालं काका?’’ म्हटलं, ‘‘गोळा आलाय.’’ ‘‘नसेवर नस चढली. मीठ कमी पडलं तुम्हाला,’’ असं म्हणत त्यांनी माझा पाय सरळ केला, बुटाचा चवडा धरला आणि माझ्याच अंगाकडे दाबून ठेवला. अर्ध्या मिनिटात पोटरी सुटली.

निदान चुकीचं होतं, इलाज मात्र अचूक. पुढची दोन वर्षं मी त्या निदानाच्या मागे लागून पावडरी आणि विरघळणाऱ्या गोळ्या विकत घेत राहिलो, आणि पायातले गोळे येतच राहिले. ते थांबले सीट पाऊण इंच खाली घेतल्यावर आणि चढावर हलका गिअर टाकायची लाज सोडल्यावर. नव्याने सायकल घेतलेल्यांनी तीच दोन वर्षं पुन्हा घालवू नयेत म्हणून हे लिहितोय.

आत्ता गोळा आलाय? मग आधी हे वाचा

पहिली गोष्ट, पॅडल मारणं थांबवा, पण रस्त्याच्या मधोमध नाही. मागे काय येतंय ते बघा, हात दाखवा आणि कडेला या. त्र्यंबक रस्त्यावर काय किंवा सिन्नरच्या रस्त्यावर काय, गोळ्यापेक्षा मागून येणारा ट्रक जास्त धोक्याचा. एका पायात गोळा असेल तर दुसऱ्या पायावर उतरा. ज्या पायात गोळा आहे त्याच पायावर पूर्ण वजन टाकून उतरलात तर बहुतेक वेळा तोंडावर पडाल.

मग तो स्नायू ताणायचा. हळूहळू, झटके न देता.

पोटरीत गोळा असेल तर पाय पुढे सरळ करून बसा, गुडघा वाकवू नका आणि बोटं आपल्या अंगाकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर उपरणं, रुमाल किंवा जास्तीची ट्यूब चवड्याला अडकवून ओढा. बसायला जागा नसेल तर सायकलचा किंवा कठड्याचा आधार घ्या, गोळा आलेला पाय मागे ठेवा, टाच जमिनीला टेकवा आणि पुढच्या पायाचा गुडघा वाकवत अंग पुढे न्या.

मांडीच्या मागे आला असेल (तिथल्या स्नायूला जिमवाले हॅमस्ट्रिंग म्हणतात) तर टाच पुढे एखाद्या दगडावर टेकवा, गुडघा सरळ ठेवा आणि कमरेतून पुढे झुका. पाठ वाकवून उपयोग नाही, झुकायचं ते कमरेतून.

मांडीच्या पुढच्या बाजूला आला असेल तर उभं राहून घोटा मागून पकडा आणि टाच ढुंगणाकडे ओढा. दुसऱ्या हाताने सोबत्याचा खांदा किंवा झाड धरा.

प्रत्येक ताण 20 ते 30 सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. तीन-चार वेळा. त्यात एक जोड देता येते: ताणलेल्या स्नायूच्या विरुद्ध बाजूचा स्नायू मुद्दाम आवळा. पोटरीत गोळा असेल तर चवडा नुसता हाताने ओढू नका, नडगीच्या ताकदीनेही वर उचला. मांडीच्या मागे असेल तर पुढची मांडी घट्ट करा. एक स्नायू आवळला की समोरच्याला सैल पडायचा निरोप मज्जारज्जूतूनच जातो, त्यामुळे गोळा लवकर सुटतो. सुटल्यावर तळव्याने हलकं चोळा. सोबती उत्साहाच्या भरात बुक्क्या मारायला लागले तर त्यांना थांबवा.

सुटल्यावर लगेच निघू नका. पाच मिनिटं चाला, चार घोट पाणी प्या, काहीतरी खा. पुढची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात हलका गिअर. एकदा गोळा आलेला स्नायू त्या दिवशी पुन्हा पकडायला टपलेलाच असतो. दुसऱ्यांदा आला तर घर किती लांब आहे त्याचा विचार करून उलटं फिरा. तिसऱ्यांदा आला तर टेम्पो. यात काहीही कमीपणा नाही. मी पांडवलेण्यांपासून घरापर्यंत रिक्षात सायकल घालून आलेलो आहे.

नस कशावरही चढत नाही

गोळा, पेटका, वांब, क्रॅम्प, काहीही म्हणा; होतं एवढंच, की स्नायू तुमच्या इच्छेविरुद्ध आवळतो आणि सोडायचं नाव घेत नाही. नसा, शिरा यांचा तिथे एकमेकींशी काही संबंध येत नाही.

प्रत्येक स्नायूत मोजमाप करणारी दोन यंत्रणा असतात. स्नायूच्या आतली एक, जी ताण जाणवला की ‘आवळ’ म्हणते. दुसरी स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो त्या कंडरेत, ती जोर जास्त झाला की ‘पुरे’ म्हणते. दोघींचं बरं चाललेलं असतं तोवर पाय गुमान फिरतो. स्नायू थकला की पहिलीचा आवाज चढतो आणि दुसरीचा पडतो. त्यात तो स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल, म्हणजे पोटरीच्या बाबतीत बोटं खाली रोखलेली असतील, तर कंडरेवर ताणच नसतो आणि ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरत नाही. दादांनी चवडा मागे दाबला तेव्हा ती दुसरी यंत्रणा जागी झाली, म्हणून अर्ध्या मिनिटात सुटका. मीठ अर्ध्या मिनिटात पोटरीपर्यंत पोहोचत नाही.

ही मांडणी 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. पुढे त्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतीतले स्पर्धक तपासले. गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातले क्षार किंवा अंगातलं पाणी यांत गोळ्याचं कारण ठरावं असा फरक सापडला नाही. ज्यांना गोळे आले ते नेहमीपेक्षा जास्त वेगाने गेले होते, आणि त्यांना पूर्वीही गोळे यायचे.

मग मिठाची गोष्ट आली कुठून? 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींतून. उष्ण खाणीत तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्या मजुरांना जबर गोळे यायचे, आणि पाण्यात मीठ घातल्यावर ते कमी झाले. ती गोष्ट खोटी नाही. मे महिन्यात सिन्नरकडून दुपारी बाराला परत येत असाल तर तुम्ही त्या खाणीतच आहात. पण डिसेंबरात सकाळी सहाला, स्वेटर घालून, सोमेश्वरच्या पुढे तासाभरात गोळा आला तर मिठावर आळ घेण्यात अर्थ नाही. शिवाय मीठ सगळ्या अंगातलं कमी होतं. मग गोळा नेमका ज्या पोटरीने काम केलं तिलाच का येतो, हाताला का नाही?

पहिली पायरी: सीट

सायकल घेतली त्या दुकानात माझी सीट डोळ्यांच्या अंदाजाने लावून दिली होती. नंतर ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, सीट जितकी उंच तितका वेग. मी चढवली. सीट उंच असली की पॅडल खाली गेल्यावर पाय पुरत नाही, मग चवडा खाली रोखून आपण ते अंतर भरून काढतो. तासाला चार-पाच हजार वेळा. पोटरी आखडलेली आणि कामावर. वर सांगितलेला सगळा सापळा तिथेच तयार. मांडीचा मागचा स्नायूही उंच सीटमुळे ओढला जातो. उलट सीट फार खाली असेल तर सगळा भार मांडीच्या पुढच्या भागावर येतो आणि गुडघ्याची वाटी दुखू लागते. नाशिकमध्ये निम्म्या नव्या मंडळींची सीट अशी खाली असते, कारण थांबल्यावर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं त्यांना वाटतं. टेकायची गरज नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायला शिका.

आता मोजायचं कसं. सायकल भिंतीला टेकवा, नेहमीचे बूट घाला, सीटवर बसा. एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. चवडा नाही, टाच. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलायला नको. कलत असेल तर सीट खाली, गुडघा वाकलेला राहत असेल तर वर. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो, साधारण 25 ते 35 अंशांचा.

आकडेमोड आवडत असेल तर दुसरी पद्धत. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये वर घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. तिला 0.883 ने गुणा. 78 सेंटिमीटर आली तर उत्तर जवळपास 69. क्रँक (पॅडलचा दांडा) जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत 69 सेंटिमीटर ठेवायचे. दोन्ही पद्धतींची उत्तरं थोडी वेगळी आली तर खालचं घ्या. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरच करा, जुन्या जागी स्केचपेनने खूण करा आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय पुन्हा हात लावू नका. सीटच्या नळीवर कमाल उंचीची रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

पाय पॅडलवर कुठे ठेवता तेही बघा. चवड्याचा रुंद भाग पॅडलच्या आसावर हवा. नुसत्या बोटांनी पॅडल मारणाऱ्याच्या पोटऱ्या लवकर थकतात. पोटरीचा त्रास वारंवार होत असेल तर पाय आणखी थोडा पुढे सरकवा. साध्या पॅडलवर हे सोपं आहे, म्हणून पहिले सहा महिने क्लीटच्या, म्हणजे पॅडलला अडकून बसणाऱ्या बुटांच्या नादाला लागू नका, असं माझं मत. दुकानदाराचं वेगळं असेल.

दुसरी पायरी: गिअर, आणि अहंकार

नव्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे जड गिअर. पाय सावकाश फिरतात, प्रत्येक फेरीला मांडी कळवळते, आणि त्याला वाटतं आपण ताकदीने चालवतोय. त्याच वेगाने जाणारा शेजारचा साठीचा गृहस्थ पाय भराभर फिरवत गप्पा मारत असतो.

मोजून बघा. घड्याळ लावून 15 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चाराने गुणा. सपाटीवर 80 ते 90 यायला हवेत. सुरुवातीला 60 येतील. थेट 90 वर उडी मारू नका, सीटवर आदळायला लागाल. दर आठवड्याला पाचाने वाढवा. चढावर 65-70 चालतील, पण 50 च्या खाली गेलात तर गिअर जड आहे असं समजा.

गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा, चढावर पाय अडकल्यावर नाही. पुढची चकती लहान, मागची मोठी, म्हणजे हलकं. त्र्यंबक रस्ता यात फसवा आहे. सातपूर सोडलं की तो सपाटच दिसतो. महिरावणी, तळेगाव, अंजनेरी असं करत कधी चढ चढलो ते कळतही नाही. नाशिकपेक्षा त्र्यंबक शंभराहून जास्त मीटर उंच आहे आणि ती उंची जवळपास 28 किलोमीटरांत पसरलेली आहे. डोळ्यांना दिसत नाही, पायांना दिसते. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, तो वेगळाच. वाऱ्यात वेग कमी झाला की माणूस चिडून जोर लावतो. वाऱ्याला चढ समजा आणि दोन गिअर हलके करा.

तिसरी पायरी: अंतर कसं वाढवायचं

2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. त्या सुमारापासून इथे सायकलीचं वेड वाढलं ते वाढलंच. दरवर्षी आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. फार सुंदर गोष्ट. तोटा एवढाच, की नवा माणूस सायकल घेतो, महिन्याभरात वारीला नाव देतो आणि तोवर त्याने गंगापूर धरणापलीकडे चाक नेलेलं नसतं. स्नायूंनी जे केलेलंच नाही ते त्यांना तीन दिवस करायला लावल्यावर गोळे येणारच, आणि मग दोष इलेक्ट्रॉलच्या पुडीला.

माझ्या ओळखीतल्या नव्यांना मी असा क्रम सांगतो. पहिले दोन आठवडे कॉलेज रोड, गंगापूर रोडवरून सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचं, आठवड्यातून तीनदा. वेग महत्त्वाचा नाही, पूर्ण वेळ बोलता आलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक फेरी गंगापूर धरणापर्यंत, जमलं तर गिरणारेपर्यंत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी, मग अंजनेरी. त्र्यंबकेश्वर गाठायचं ते सातव्या-आठव्या आठवड्यात. सिन्नर आणि मोहदरी घाट त्यानंतर. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा नऊ-दहा किलोमीटरचा घाट सहा महिन्यांनी. आठवड्याचं एकूण अंतर दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, आणि अंतर वाढवलेल्या आठवड्यात वेग वाढवू नये. दोन्ही एकदम वाढवलेले रविवार माझ्या पोटऱ्यांना आजही आठवतात.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पहिली दहा मिनिटं अगदी हलक्या गिअरवर घालवा आणि गुडघे, पोटऱ्या झाका. निघण्यापूर्वी थंड स्नायू तटतटून ताणत बसण्याची गरज नाही. हळू सुरुवात हाच ताण.

घरी आठवड्यातून दोनदा एवढं करा: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा, टाचा वर उचला आणि तीन मोजत सावकाश पायरीच्या खाली सोडा. बारा वेळा, तीन फेऱ्या. मग जमिनीवर उताणे पडून, गुडघे वाकवून, कंबर वर उचला आणि पाच सेकंद धरा, तेही बारा वेळा. ढुंगणाचे स्नायू आळशी असले की त्यांचं काम मांडीच्या मागच्या स्नायूला करावं लागतं आणि तो संपावर जातो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी हा दुसरा व्यायाम टाळू नये.

चौथी पायरी: पाणी, मीठ, खाणं

मुद्दाम चौथी ठेवली आहे, पण सोडून देण्यासारखी नाही. उपाशी स्नायू लवकर थकतो आणि थकलेल्यालाच गोळा येतो.

तासाभराच्या फेरीला साधं पाणी पुरतं. दीड तासाच्या वर जाणार असाल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की, मनुका हे सगळं खिशात मावतं. मनुकांसाठी आपल्याला लांब जायला नको, निफाड-पिंपळगावची द्राक्षं आहेतच. भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने दोन घास. मिसळ परत आल्यावर. जाताना मिसळ हाणून त्र्यंबकचा चढ चढणाऱ्यांना मी पाहिलेलं आहे. गोळा पोटरीत येत नाही, पोटात येतो.

पाणी किती प्यायचं याचं प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि ते वजनकाट्यावर मिळतं. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. समजा 72.0 चे 71.2 झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर घाम गेला 1.3 लिटर. पुढच्या वेळी थोडं जास्त प्या. परतल्यावर वजन वाढलेलं असेल तर मात्र सावध व्हा. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं दुखणं, मळमळ आणि गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि ते गोळ्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

घाम सुकल्यावर काळ्या टी-शर्टवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. अशांनी, आणि मार्च ते मे या काळात सगळ्यांनीच, दोन तासांच्या वरच्या फेरीत एका बाटलीत मीठ घालावं. 750 मिलिलिटरच्या बाटलीत सपाट पाव चहाचा चमचा मीठ, तीन चमचे साखर, अर्धं लिंबू. यात साधारण 550 ते 600 मिलिग्रॅम सोडियम जातं. ही बाटली चार आण्यांत होते, असं माझी आई म्हणाली असती. दुसरी बाटली साध्या पाण्याची. ताक, कैरीचं पन्हं हेही उत्तम, फक्त बाटलीत तासन्‌तास तापू देऊ नका. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. चिमूटभर मीठ घालून प्या.

औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी चालते, पण ती लिटरभर पाण्यात सांगितली असेल तर लिटरभरातच घाला. अर्ध्या बाटलीत कोंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतं. खोक्यातलं गोड, रंगीत पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली आहे.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वरचा मिठाचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. आधी डॉक्टरांना विचारा.

केळं, मॅग्नेशियम आणि लोणच्याचा खार

केळं खा, पण खाणं म्हणून. त्यातलं पोटॅशियम रक्तात पोहोचायला इतका वेळ लागतो की चालू गोळ्यावर त्याचा काही उपयोग नाही.

पायातल्या गोळ्यावर मॅग्नेशियमची गोळी खूप जण घेतात. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात वयस्कर लोकांच्या गोळ्यांवर तिचा म्हणण्याजोगा फायदा दिसला नाही, आणि व्यायामात येणाऱ्या गोळ्यांवर तर नीट चाचणीच झालेली सापडली नाही. क्विनाइन कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्याने रक्ताचे आणि हृदयाचे गंभीर त्रास होऊ शकतात.

गंमत आहे ती खाराची. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने गोळा आणला आणि त्यांना काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं. गोळा सरासरी 85 सेकंदांत सुटला, साध्या पाण्याने 134 सेकंद लागले. इतक्या वेळात मीठ रक्तात पोहोचत नाही. घशाला बसलेल्या त्या आंबट चटक्यानेच मज्जासंस्थेला काहीतरी निरोप जात असावा, असा त्यांचा अंदाज. तेव्हापासून मी खारवलेल्या लिंबाच्या लोणच्याचा खार एका छोट्या बाटलीत नेतो. तेलाचा नाही, बिनतेलाच्या लोणच्याचा. गोळा आला की एक मोठा घोट, आणि त्याच वेळी ताण. कशाने सुटतो कोण जाणे, पण खार घेतल्यावर चेहरा असा होतो की गोळ्याचा विसर पडतो.

डॉक्टरकडे कधी जायचं

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली आणि दुखणं ताणूनही जात नाही, तर तो गोळा नसून शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. मोठ्या फेरीनंतर लघवी कोलासारखी गडद झाली आणि स्नायू प्रचंड दुखत असतील तर थेट रुग्णालय. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येत असतो. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर सावली, अंगावर पाणी आणि 108 ला फोन, याच क्रमाने आणि लगेच.

सायकल न चालवताही रोज रात्री गोळे येत असतील तर तपासून घ्या. थायरॉइड, मधुमेह, कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेलं स्टॅटिन, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी काहीही कारण निघू शकतं. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

परतीचा प्रवास

त्र्यंबकहून परत येताना उतार असतो, पावसाळ्यात वाराही पाठीवर. इथेच लोक मोठा गिअर टाकून शर्यत लावतात, घरी येतात, सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायला लागतात आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मांडी पकडते. शेवटची दहा मिनिटं, म्हणजे सातपूर ओलांडल्यापासून, हलक्या गिअरवर या. जिना चढण्यापूर्वी खाली दोन मिनिटं पोटऱ्या आणि मांड्या ताणा. सोसायटीचा वॉचमन रोज बघतो, त्याला सवय होते. आंघोळीनंतर लगेच पाय लांब करून पलंगावर आडवे पडलात आणि बोटं सहज खाली रोखली गेली, तरी गोळा येतो. उताणे झोपा, पायांवर जड पांघरूण घेऊ नका आणि लोणच्याची ती बाटली उशाशी ठेवा.